वन्सं, म्होरं

"बायकांच्या खेळाला मेला एकदाच गातो, बघा वैनी."

हे वाक्य माझ्या डाव्या कानाशी दोनदा बोललं गेलं. आवाज एकच. थेटर एकच. खालची सतरंजीसुद्धा बहुतेक तीच, फाटक्या कडेची.

पहिल्यांदा बोलणारी जिवंत होती.

भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांशी माझं कधी जमलं नाही. त्यांच्या गोष्टीत अमावास्या असते, पिंपळ असतो, आणि घरची कामं करायला दुसरं कुणीतरी असतं. मी दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकलेली बाई. रचून सांगण्याइतकी अक्कलही नाही आणि सवडही नाही. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं. दोन-अडीचशे बायकांत बसून झालं.

सोलापुरात. गड्ड्याच्या जत्रेत. साल एकोणतीस, किंक्रांतीचा दिवस.

त्या दिवशी कुठलं काम सुरू करू नये म्हणतात. मी तर फक्त नाटक बघायला गेले होते. तेही आधी बघितलेलं.

चंद्रव्वा माझी नणंद. वळसंगला दिलेली. जत्रेला माहेरी यायची तेव्हा घर हसायचं. बाळीवेशीत आमचं किराण्याचं दुकान, वर राहतं घर. सासरची मंडळी अर्धं कानडी बोलणारी, अर्धं मराठी. मी मंगळवेढ्याची. नणंदेला 'वन्सं' म्हणावं असं आईनं शिकवून धाडलेलं. या घरात तो शब्द कुणाच्या कानावरून गेला नव्हता. चंद्रव्वाला त्याची इतकी गंमत वाटायची की मी वन्सं म्हटलं की ती मुद्दाम मागं वळून बघायची, कुणी थोरली बाई आलीय का म्हणून.

अठ्ठावीस सालच्या जत्रेत एक नाटक कंपनी आली. थेटर आमच्या घरापासून चार घरं टाकून, पत्र्याचं. रात्री आम्ही दोघी गच्चीवर बसून आतली पदं ऐकायचो. एकेक पद संपलं की पुरुष ओरडायचे, वन्स मोर, वन्स मोर. नट पुन्हा गायचा. पुन्हा ओरडा. पुन्हा पद.

चंद्रव्वानं विचारलं, हे काय म्हणत्यात?

मला ठाऊक नव्हतं. पण वहिनी होते ना मी. काही तरी सांगितलं.

तिनं थोडा वेळ ऐकलं, आणि मग इतकी हसली की पदराचा बोळा तोंडात कोंबला. म्हणाली, "मला बोलावत्यात की वो वैनी. 'वन्सं, म्होरं!' वन्सं, पुढं या म्हनत्यात."

तेव्हापासून घरात तेच चाललं. भाकरी वाढायची झाली की मी म्हणायची, वन्सं, म्होरं. ती ठुमकत यायची. सासूबाईंना, म्हणजे मल्लव्वाआत्याबाईंना, हा चावटपणा वाटायचा. पण एकदा त्यांनीही हळूच म्हणून बघितलं. चुलीकडे तोंड करून.

मग कंपनीनं खास बायकांसाठी दुपारचा खेळ लावला. आम्ही तिघी गेलो. नवऱ्यानं टाकलेल्या राणीचं नाटक. तिसऱ्या अंकात ती रात्रभर वाट बघते आणि गाते, 'लोटिले न मी दार अजून'. राणीचं काम करणारा पुरुषच, पण गळा असा की बायका डोळे पुसायचं विसरल्या. पद संपलं. ओरडणार कोण? पुरुष नव्हते, आणि बायकांनी कुठं ओरडायचं असतं. नट जरासा थांबला. मग पुढचं भाषण सुरू केलं.

तेव्हाच चंद्रव्वा माझ्या कानाशी कुरकुरली होती. मेला एकदाच गातो म्हणून.

निघताना आत्याबाईंना म्हणाली, पुढच्या साली हे नाटक लागलं की मी येणारच. बोलावलं नाहीत तरी.

माघात वळसंगहून माणूस आला. ताप. आम्ही बैलगाडी जोडून पोचलो तोवर...

आमच्यात, लिंगायतांत, जाळत नाहीत. माणसाला बसवून मातीत देतात. तिला सोप्यात भिंतीशी बसवलेलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर विभूती, मान किंचित कलती. नाटकाला बसल्यासारखी. आत्याबाई तिच्याजवळ गेल्या, दोन क्षण बसल्या, आणि दारापर्यंत येऊन कोसळल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा सगळं उरकलेलं.

त्यानंतर एक शब्द आमच्या घरातून नाहीसा झाला.

स्वामी 'लिंगैक्य झाली' म्हणाले. शेजारणी सुटली म्हणाल्या. सासरे, चनबसप्पामामंजी, नुसतं 'ते झालं तवापासनं' म्हणायचे. आणि आत्याबाई म्हणायच्या, चंद्रव्वा वळसंगला हाय.

एकदा त्यांची चुलतबहीण सांत्वनाला आली आणि सरळ बोलायला गेली. अर्धाच शब्द तोंडातून गेला असेल. आत्याबाईंनी समोरचं ताट सरकवलं आणि पुढं कित्येक दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मामंजींनी घरातल्या सगळ्यांना बजावलं, तो शब्द या घरात नको. एक गेली ती गेली, दुसरी घालवू नका.

दुसरी जायच्या बेतात होतीच. बाई वर्षभरात वाळून चिपाड झाली. रोज चंद्रव्वाचं पान मांडायला लावायची. मी मांडायची. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. मग ते उचलून गाईला घालायची. संध्याकाळी तिचं अंथरूण घालायची, सकाळी न चुरगळलेलं उचलायची. रडायला मला कुणी मना केलं नव्हतं, पण न जेवणारीची उष्टी काढता काढता माणूस इतकं दमतं की रडणं उद्यावर टाकतं. माझी मैत्रीण होती हो ती. वर्षभर माझ्याही तोंडून तो शब्द फुटला नाही.

आत्याबाईंचा जीव एकाच गोष्टीवर तगून होता. नाटक आलं की येणार हाय ती. सांगून गेलीय.

आणि जत्रेला तीच कंपनी आली. तेच नाटक. किंक्रांतीला बायकांचा खेळ.

घरात कुणी कुणाकडे बघेना. नाटकाला नेलं आणि चंद्रव्वा आली नाही, तर आत्याबाई पुढं कशाच्या आधारावर जगणार? आणि न न्यावं तर त्या पायरीवर जाऊन बसलेल्या, नवं लुगडं नेसून.

निघताना मामंजी मला एवढंच म्हणाले, "परत घेऊन ये तिला."

सोबतीला गोजाबाई घेतली. आम्हाला तूप घालणारी धनगरीण, अंगानं दणकट. न जाणो, उचलून आणायची वेळ आली तर. तिनं जन्मात नाटक बघितलेलं नव्हतं. राणी स्टेजवर आली तशी तिनं मला कोपरानं ढोसलं. हा बाप्या हाय व्हय? मी हो म्हटलं. मग नवऱ्यानं टाकली ते बरोबरच केलं म्हणाली.

आत्याबाईंनी आपल्या आणि माझ्या मध्ये शाल पसरून जागा धरली होती. बायका दाटीनं बसलेल्या. कुणीतरी शाल सरकवायला गेली की आत्याबाई म्हणायच्या, माझी पोरगी येनार हाय. बाई मुकाट्यानं सरकायची.

पहिला अंक झाला. शाल तशीच.

दुसरा झाला. आत्याबाईंनी शालीवरची सुरकुती हातानं साफ केली.

मी स्टेजकडे बघतच नव्हते. नाटक दुसऱ्यांदा बघताना एक वाईट असतं. पुढं काय होणार ते ठाऊक असतं, आणि तरी आपण बसून राहतो.

तिसऱ्या अंकात पायपेटीनं सूर धरला. राणी दारात उभी राहिली. 'लोटिले न मी दार अजून...'

पद संपलं.

गेल्या सालासारखीच शांतता. कुठंतरी एक मूल खोकलं. नट जरासा थांबला...

आणि आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

ज्या बाईनं जन्मात नवऱ्यासमोर आवाज चढवला नाही, ती उठली. स्टेजकडे पाठ केली. मागच्या दाराकडे तोंड केलं आणि ओरडली.

"वन्सं, म्होरं!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग नटाचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, बायकांच्या खेळाला पहिल्यांदा कुणी दाद दिली. तो कमरेत वाकला आणि पुन्हा गायला लागला.

बायकांत खसखस पिकली. मी आत्याबाईंचा पदर ओढून त्यांना खाली बसवत होते, तेव्हा मला ऐकू आलं.

मागून... अगदी मागून, दाराशी...

जोडव्यांचा आवाज.

चंद्रव्वाच्या उजव्या पायातलं जोडवं ढिलं होतं. चालताना फरशीवर एकदा बोटाचा आवाज यायचा आणि मागोमाग जोडव्याचा. असं दुसऱ्या कुणाचं वाजत नाही. मी तिच्या मागे-पुढे घरभर हिंडलेली. मला चुकायचं नाही.

टक... टिक.

पद दुसऱ्यांदा संपलं. आता इतर बायकांना धीर आला. चार-सहा जणी ओरडल्या, वन्स मोर! एकमेकींकडे बघून हसल्या.

टक... टिक.

निम्म्या थेटरापर्यंत.

मी मागं बघितलं. मधल्या वाटेत कुणी नव्हतं. फक्त वाटेच्या कडेच्या बायका, एकामागून एक, पाय आवरून घेत होत्या. माणूस जाताना घेतात तसे. न बघता.

पद तिसऱ्यांदा संपलं. आता सगळं थेटर ओरडत होतं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या. आयुष्यात एकदा ओरडायला मिळालं होतं त्यांना. आत्याबाई ओरडत नव्हत्या. त्या शालीवर थापट्या मारत होत्या आणि कानडीत म्हणत होत्या, बा, बा. म्हणजे ये, ये.

मला ओरडून सांगायचं होतं सगळ्यांना. गप्प बसा म्हणून. तुम्ही कुणाला बोलावताय तुम्हाला ठाऊक नाही म्हणून. मी आत्याबाईंचा पदर तेवढा घट्ट धरला.

नट दमला. हात जोडून त्यानं पुढचं भाषण सुरू केलं. बायका शांत झाल्या.

आवाज थांबला.

माझ्या डाव्या अंगाला गार वाटलं. ओल्या मातीचा वास आला. पुसाच्या कोरड्या दिवसांत, पत्र्याच्या थेटरात... नुकत्या खणलेल्या मातीचा.

मी मान न वळवता, नुसती नजर खाली नेली.

शाल मधोमध दबलेली होती.

आणि कानाशी, अगदी कानाशी...

"बायकांच्या खेळाला मेला एकदाच गातो, बघा वैनी."

त्यानं तीनदा गायलं होतं. सगळ्या थेटरानं ऐकलं होतं. हिला मात्र ते कानावरसुद्धा आलं नव्हतं. हिचं अजून मागचंच साल चाललेलं.

मी ओरडले असते, तर बरं झालं असतं. मी काय केलं सांगू? सवयीनं मान डोलावली. हो ना वन्सं, अशी.

पुढचं नाटक कसं संपलं मला ठाऊक नाही. राणीला नवरा परत मिळाला असणार. मागच्या साली मिळाला होता. पडदा पडला, बायका उठल्या, पोरांच्या नावानं हाका सुरू झाल्या. दारं उघडली. बाहेर उजेड उतरणीला लागला होता. लोक संध्याकाळचं दारूकाम बघायला मैदानाकडे निघाले होते, त्यांचा गलका येत होता.

आम्ही तिघी बसलेल्याच.

तिघी म्हणायचं की चौघी, हे मला आजही कळत नाही.

आत्याबाईंचा चेहरा वर्षात पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता. त्या शालीकडे बघून बोलत होत्या. घरी पुरणाचं केलंय, वैनीनं तुझं अंथरूण घातलंय, बाबा वाट बघत असतील. ऊठ बाई, चल.

शाल दबलेलीच.

ऊठ की गं.

काही नाही.

बत्त्या विझवणारा माणूस आला. त्यानं झाडू काढला आणि मागच्या बाजूनं झाडत झाडत आमच्यापर्यंत आला. आम्हाला म्हणाला, आटपा बाई, रात्रीचा खेळ हाय. आणि झाडत पुढं गेला.

शालीला वळसा घालून. बसलेल्या माणसाच्या पायांना लागू नये म्हणून घालतात तसा.

गोजाबाईनं ते बघितलं. तिचा हात माझ्या दंडाभोवती आवळला. तेव्हा मला कळलं की मी एकटीच नव्हते. तिलाही मघापासून सगळं कळत होतं.

मग शालीवरून चंद्रव्वा बोलली. कुरकूर नाही, चेष्टा नाही. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबलेली बाई आईशी बोलते तशी.

"अव्वा, पाय लई आखडलेत गं. किती येळ बसू? आता उठू का?"

आत्याबाईंचे हात शालीवरच थिजले.

मग त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. वळसंगला, सोप्यात, त्यांनी लेकीला भिंतीशी बसलेली बघितली. त्यांना वाटलं, तापातून उठून बसलीय. आपल्याला बघायला बसलीय. त्या तिला म्हणाल्या, बस हं, उठू नकोस, मी पाणी पिऊन आलेच. आणि दारापर्यंत जाऊन पडल्या. परत जाणं झालंच नाही.

तेवढं ऐकून पोर बसून राहिली होती. माघापासून पुसापर्यंत. आईनं सांगितलं म्हणून.

आत्याबाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या, ऊठ बाई, मी सांगते तुला, ऊठ. शाल तसूभर हलली नाही. मग त्यांनी मांडी घातली, पदर गुडघ्याभोवती आवळला आणि मला म्हणाल्या, तू जा घरला. ही उठत न्हाई तोवर मीबी हितंच बसते.

त्या बसल्या असत्या. मी ओळखून होते त्यांना. थेटरवाल्यांनी उचलून बाहेर काढलं असतं तरी पायरीवर बसल्या असत्या. दोन दिवस, चार दिवस. आणि मग दोघी एकसारख्या बसल्या असत्या.

गोजाबाई माझ्या कानाशी आली.

"पोरीला ठावं न्हाई, बाई," ती म्हणाली. "कुनी सांगितलंच न्हाई नव्हं तिला."

मी तोंड उघडलं. मामंजी म्हणाले होते परत घेऊन ये, आणि आणायचा एकच मार्ग होता. एकच शब्द होता. वर्षभर मी त्याच्या भोवतीनं झाडलं होतं, अगदी त्या झाडूवाल्यासारखं. आणि तोंड उघडल्यावर माझ्यातून नुसती हवा आली.

गोजाबाईही बोलली नाही. परक्या बाईनं बोलायचं ते नव्हतंच.

आता मी चाळिशी ओलांडली. त्यानंतर मी नाटकाला गेलेले नाही. गच्चीवर पद ऐकू आलं तर खाली येते. उठताना चंद्रव्वाच्या जोडव्यांचा आवाज आला की नाही, यावर गोजाबाईचं आणि माझं अजून वाजतं. ती म्हणते आला, दारापर्यंत आला. मी म्हणते नाही आला. शाल आम्ही तिथंच सोडली, ती कुणी उचलली ठाऊक नाही. आणि घरात कुणी आजारी असेल तर मी त्याला कधी 'बस हं, आलेच' म्हणत नाही. सुना हसतात. हसू देत.

पण त्या वेळी, त्या अंधारत चाललेल्या थेटरात, आम्ही दोघी माना खाली घालून बसलो होतो. आत्याबाईंनी आमच्याकडे एकदा बघितलं. आम्ही बोलणार नाही हे त्यांना दिसलं असावं. बाहेर मैदानावर पहिला बाण उडाला, पत्र्याच्या फटींतून उजेड आत येऊन गेला.

आत्याबाई शालीच्या आणखी जवळ सरकल्या. हात उचलला आणि हवेतच ठेवला, गुडघ्यावर ठेवतात तसा. तो हात खाली पडला नाही.

"चंद्रव्वा," त्या म्हणाल्या, आवाज जराही न कापता, झोपलेल्या पोराला उठवावं तसं. "आता बसू नको. तू मेलीस की गं, बाई."